वसमत हळद

वसमत हळद : हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात आणि आसपासच्या पट्ट्यात पिकणारी हळद. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. शास्त्रीय नाव कुर्कुमा लाँगा. आले, वेलदोडा, कचोरा आणि आंबेहळद ही तिच्याच कुळातली. लागवडीची माहिती कृषी विभागाच्या पुस्तिकांत भरपूर मिळते, म्हणून या नोंदीत भर आहे तो हळदीमुळे समोर येणाऱ्या जीवशास्त्र, आनुवंशिकी, आरोग्य आणि वैद्यकीय नीती यांतल्या पहिल्या पायरीच्या प्रश्नांवर. हे चारही विषय एकाच गड्ड्यावरून शिकवता येतील, असे दुसरे पीक मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याचे तालुके पाच : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे कालवे आणि काळी जमीन यांमुळे वसमतचा भाग बागायती झाला. पुढे गादीवाफे आणि ठिबक आले, तशी हळद पसरत गेली. वसमत आणि हिंगोली या दोन्ही बाजार समित्यांत आज हळदीची मोठी उलाढाल होते.

जमिनीखाली वाढणारी हळद हे मूळ नव्हे, खोड आहे. शाळेतली मुले इथे हमखास चुकतात. मुळाला पेरे नसतात आणि डोळेही नसतात. हळकुंडावर दोन्ही असतात, शिवाय पेऱ्यापेऱ्याला वाळक्या खवल्यांची कडी असते. जमिनीवर खोडासारखा दिसणारा भाग म्हणजे एकमेकांत गुंडाळलेले पानांचे तळ. लावलेल्या बेण्यापासून झाड वाढते, त्याच्या बुंध्याशी जेठा गड्डा तयार होतो, त्याला बगल गड्डे फुटतात आणि बाजूने हळकुंडे निघतात. मूळ लावलेले बेणे काढणीपर्यंत काळपट, निबर होऊन उरते. त्याला सोरा गड्डा म्हणतात. अक्षय तृतीयेपासून जूनपर्यंत लागवड आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, असे साधारण नऊ महिने पीक शेतात उभे असते. मग गड्डे फोडून वेगळे करायचे, हळकुंडे शिजवायची, उन्हात खणखणीत वाळवायची आणि ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. फोडणी-निवडणीचे काम बहुतेक बायकाच करतात.

हळदीला फूल येते. पानांच्या मधून पांढरट-गुलाबी छटेचे कणीस वर निघते आणि त्यात पिवळी फुले असतात. बी मात्र जवळजवळ धरत नाही. याचे कारण पेशीकेंद्रकात आहे. हळदीच्या पेशीत गुणसूत्रे असतात ६३, म्हणजे २१ चे तीन संच. माणसाचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बीजपेशी तयार होताना हे दोन संच जोडीने समोरासमोर येतात आणि मग वेगळे होतात. तीन संच असले की जोड्या नीट जमत नाहीत, वाटणी विस्कटते आणि बहुतेक परागकण व बीजांडे निकामी ठरतात. अशा सजीवाला त्रिगुणित म्हणतात. खाण्याची केळीही याच कारणाने बिनबियांची असतात.

तेव्हा हळदीचे बेणे म्हणजे बी नव्हे. ते त्याच झाडाचा तुकडा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत क्लोन. वसमतच्या एखाद्या शेतातली सेलम या जातीची हळद आणि शेजारच्या गावातली सेलम हळद यांचा जनुकसंच जवळजवळ एकच असतो. हे रोप माणसाच्या हाताशिवाय फारसे पुढे जात नाही. कोणीतरी काढले, सावलीत जपले आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावले, असे शेकडो वर्षे होत आल्यामुळेच हळद आज आहे. हळदीवर हक्क कोणाचा, असा प्रश्न पुढे येतो तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मग वेगवेगळ्या जाती आल्या कुठून? काही डोळ्यांत आपोआप घडलेल्या बदलांतून आल्या, आणि तो वेगळा गड्डा बाजूला ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेतून टिकल्या. क्वचित बी धरलेच, तर तेही कामी येते. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ या जाती अशाच बियांपासून उगवलेल्या रोपांतून निवडल्या. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजचे हळद संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आहे. ‘फुले स्वरूपा’ ही जात तिथली. एकसारखेपणाचा तोटाही आहे. सगळी झाडे सारखी असली, तर एका झाडाला लागणारी कंदकूज सगळ्यांनाच तितक्याच सहज लागते, आणि रोगट बेण्याबरोबर ती गावोगाव जाते. म्हणून बेणेप्रक्रिया हा वेळखाऊ वाटणारा सोपस्कार खरे तर आनुवंशिकीच्या धड्याचाच भाग आहे.

हिंगोलीत सर्वाधिक पसंतीची जात सेलम. तिचे नाव तमिळनाडूतल्या सेलमचे आहे. तमिळनाडूच्या नावाची हळद वसमतची कशी झाली? जनुकसंच एकच असला, तरी माती, पाणी, उष्णता, खत, काढणीची वेळ आणि शिजवण्या-वाळवण्याची पद्धत यांनुसार रंग, वास आणि कर्क्युमिनचे प्रमाण बदलते. जनुके आणि परिस्थिती मिळून सजीवाचे रूप घडवतात, हे तत्त्व इथे हातात घेऊन पाहता येते. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदाही याच पायावर उभा आहे. तो जात राखून ठेवत नाही, जनुकावर मालकी देत नाही. ठरावीक प्रदेशाशी जोडलेला गुण आणि त्या प्रदेशाचे नाव एवढेच तो जपतो. महाराष्ट्रात वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. वसमत त्यांच्यामागून आली. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. ते नाव वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणीही करावी लागते. ती प्रत्येक लहान शेतकऱ्यापर्यंत पोचली नाही, तर नावाचा फायदा व्यापाऱ्यापाशीच थांबेल. २०२२ मध्ये वसमतसाठी मंजूर झालेल्या बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्राकडून या बाबतीत मोठी अपेक्षा ठेवायला हवी.

हळदीवरच्या हक्काचा प्रश्न पेटंटमुळेही उभा राहिला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरून आणण्यासाठी हळदीची पूड वापरण्याचे पेटंट मिळाले. क्रमांक ५४०१५०४. मराठी घरातल्या कोणत्याही आजीला हे वाचून धक्का बसला असता. पण पेटंट कार्यालयापुढे आजीची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले. २००१ पासून उभा राहिलेला पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह आणि २००२ चा जैवविविधता कायदा यांच्यामागे या अनुभवाचाही वाटा आहे.

या विजयाचा एक अर्थ मात्र नेहमी चुकीचा लावला जातो. हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेने मान्य केले, असे भाषणांतून ऐकू येते. फेरतपासणीत तो प्रश्नच नव्हता. हे ज्ञान नवे आहे का, एवढेच तपासले गेले, आणि ते नवे नाही असे ठरले. एखादा उपचार जुना आहे हे सिद्ध होणे आणि तो गुणकारी आहे हे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की आरोग्याचे नुकसान होते.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंड-संयुगांमुळे असतो. कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळे काढले गेले, त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. चुन्यासारख्या अल्कलीशी संयोग झाला की ते तांबडे होते. पारंपरिक कुंकू याच रसायनावर बनते. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात कर्क्युमिन सूज, जंतू, कर्करोगाच्या पेशी अशा पुष्कळ गोष्टींवर परिणाम करताना दिसते, आणि त्यातूनच त्याच्याविषयीच्या आशा वाढल्या. पण ते स्वतः प्रकाशते, अनेक प्रथिनांना चिकटते आणि लवकर विघटित होते. त्यामुळे चाचणीच फसते, औषधी गुण नसतानाही गुण दिसतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध (खरे औषध कुणाला दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), नियंत्रित अशी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असे त्यात म्हटले होते. ह्यूस्टनमधील एका संशोधकाचे या विषयावरचे दोन डझनांहून अधिक लेख नियतकालिकांनी मागे घेतले. त्या लेखांच्या आधारावर कुठे तरी कुणी रुग्ण गोळ्या घेत असेल, हे विसरता येत नाही.

दुसरी अडचण शोषणाची. पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फार थोडे पोचते. आतडे आणि यकृत त्याला झटकन बदलून बाहेर टाकतात. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर काळ्या मिरीतले पायपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर हे प्रमाण वीसपटीने वाढलेले दिसले. पायपरिन हे साधते ते अशा पदार्थांची विल्हेवाट लावणारी शरीराची यंत्रणा मंदावून. त्याच यंत्रणेवर इतर औषधांचीही विल्हेवाट अवलंबून असते, त्यामुळे त्यांचे रक्तातले प्रमाणही वाढू शकते.

भाजी-वरणातल्या चिमूटभर हळदीला यातले काही लागू नाही. प्रश्न आहे तो गोळ्या आणि कॅप्सूलचा. अमेरिकेत २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरक उत्पादनांशी जोडलेल्या यकृतविकाराच्या दहा रुग्णांची काटेकोर नोंद झाली. त्यांतल्या सात जणांत ‘एचएलए-बी ३५:०१’ हे जनुकरूप सापडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. शरीर आपले कोण आणि परके कोण हे ज्या प्रथिनांवरून ओळखते, ती बनवणाऱ्या जनुकांपैकी एचएलए-बी हे एक. एकच पदार्थ हजारांना मानवतो आणि एखाद्याचे यकृत का पेटवतो, याचे हे बोलके उदाहरण. दहा रुग्ण ही संख्या लहान आहे, पण इशारा म्हणून पुरेशी आहे.

यातून वैद्यकीय नीतीचे एक साधे कर्तव्य निघते, आणि ते दोन्ही बाजूंचे आहे. रक्त पातळ करणाऱ्या किंवा कर्करोगाच्या औषधांवर असलेला रुग्ण हळदीच्या गोळ्या घेत असेल, तर त्याने ते डॉक्टरांना सांगायला हवे. ‘घरचीच तर आहे’ म्हणून ते राहून जाते. डॉक्टरांनीही न हिणवता विचारायला हवे, कारण हिणवले की पुढच्या वेळी रुग्ण लपवतो. शेतात विळा लागला की हळद दाबायची ही रीत सर्वत्र आहे. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. जखम स्वच्छ पाण्याने धुणे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांना ती पर्याय होऊ शकत नाही. साप चावल्यावर हळद, लेप यांत घालवलेला वेळ तर जिवावर बेतणारा आहे.

सर्वांत गंभीर धोका हळदीतला नाही, हळदीत मिसळल्या जाणाऱ्या रंगातला आहे. लेड क्रोमेट हे झगझगीत पिवळे रंगद्रव्य. पॉलिश करताना ते टाकले की निस्तेज हळकुंडही उठून दिसते. त्यातले शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, आणि शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसे सापडले. शिशाच्या अणूंच्या समस्थानिकांची ठेवण जुळवून पाहिली, तेव्हा बोट हळदीकडे गेले. २०१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बाजारातच क्ष-किरणांवर चालणारी हातातली उपकरणे नेली, दंड केले, व्यापाऱ्यांना समजावले. भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण दोन वर्षांत ४७ टक्क्यांवरून शून्यावर आले.

भारतात हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे आणि लेड क्रोमेट मिसळायला पूर्ण बंदी आहे. घरी पाण्यात पूड टाकून पाहण्याच्या युक्त्यांनी विरघळणारे रंग कळू शकतात. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. भंडारा म्हणून उधळली जाणारी पूड श्वासातूनही आत जाते, म्हणून ‘खाण्यासाठी नाही’ असे लिहून विकलेल्या पुडीलाही ही तपासणी लागू व्हायला हवी. शेतकऱ्याने शिजवून वाळवलेली हळद आणि ग्राहकाच्या हातातली पुडी यांच्यामध्ये पॉलिश, साठवण, दळण आणि विक्री असे टप्पे असतात. रंग नेमका कुठे पडतो हे शोधायचे, तर लिलावाआधीचा आणि पॉलिशनंतरचा असे दोन वेगळे नमुने घ्यावे लागतील. मानांकन मिळालेल्या हळदीपासून अशी तपासणी सुरू करणे सोपे आहे, कारण तिचा उत्पादक नोंदलेला असतो.