ढाल, शिरस्त्राण आणि बारा वर्षांचा मुलगा : श्रीपत शेषाद्री प्रकरण

१/ १८४३ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टासमोर एक विलक्षण प्रकरण आले. एका ब्राह्मण पित्याने आपला सुमारे बारा वर्षांचा मुलगा स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून परत मागितला. मुलाचे नाव श्रीपत शेषाद्री. त्याचा थोरला भाऊ नारायण याने त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला होता, आणि धाकटा त्याच्या मागोमाग मिशनच्या आश्रयाला गेला होता.

२/ हे प्रकरण समजून घेण्यासाठी आधी एक ख्रिस्ती शिकवण पाहावी लागते. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात श्रद्धावंताला सैनिकाची उपमा दिली आहे. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. रोमन शिपायाचा पोशाख त्या काळी सर्वांच्या ओळखीचा होता. या यादीत प्रहार करणारे शस्त्र जेमतेम एक. बाकी सारी सामग्री बचावाची आहे.

३/ त्या उताऱ्यात ‘उभे राहणे’ हे क्रियापद पुनःपुन्हा येते. सैनिकाने मुलूख जिंकावा अशी तेथे अपेक्षा नाही. त्याने आपली जागा सोडू नये, एवढीच आहे. शिवाय ही झुंज हाडामांसाच्या माणसांशी नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. अंतरीच्या झगड्याला युद्ध म्हणण्याची रीत मराठी मनाला परकी नव्हती. तुकोबांच्या अभंगांतही ती आहे.

४/ परंतु १८४३ च्या मुंबईत झुंज प्रत्यक्ष माणसांतच जुंपली. चार वर्षांपूर्वी, १८३९ मध्ये, जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला होता. धनजीभाईंच्या बाबतीत हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला. कोर्टाने त्यांना हवे तेथे जाण्याची मोकळीक दिली. परिणामी मिशनच्या शाळेतील मुलांची संख्या एकाएकी घटली.

५/ श्रीपतच्या बाबतीत निकाल उलट लागला. मुलगा अल्पवयीन आहे, त्याच्यावर पित्याचाच हक्क, असे कोर्टाने ठरविले. श्रीपतची इच्छा भावाजवळ राहण्याची होती. तरी त्याला पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. विवेकाला वय असते काय, हा प्रश्न त्या दिवशी कायद्याने एका रेषेत सोडविला. समाजाला तो तितक्या सहज सुटणार नव्हता.

६/ कारण मुलगा घरी आला, पण जातीत आला नाही. मिशनरींच्या घरी तो जेवला होता. बाप्तिस्मा झालेला नसूनही त्याला भ्रष्ट मानण्यात आले. तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो तडीस नेण्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना बहिष्काराची झळ सोसावी लागली.

७/ येथे क्षणभर थांबावे. नारायण आपल्या नव्या श्रद्धेवर ठाम होता. पिता आपल्या मुलावर ठाम होता. बाळशास्त्री आपल्याच धर्मातील एका दारावर हात ठेवून ठाम होते. ते दार बंद होऊ द्यायचे नाही, हा त्यांचा निश्चय. तिघेही परस्परांच्या विरुद्ध बाजूंना होते. त्यांतील शत्रू कोण, हे मात्र सांगता येत नाही.

८/ १८५० मध्ये कायदा आला : धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही. हा कायदा कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. नारायण शेषाद्रींनी पुढे ज्या भूमीत काम केले, ती निजामाची होती. १८६० च्या दशकात आजच्या लातूर जिल्ह्यातील मुरुड, नांदेड आणि उत्तरेचे जालना ही सारी गावे त्याच राज्यात होती. जालन्यात इंग्रजी छावणी होती. तेथे त्यांनी मिशन उभारले.

९/ ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या पाद्रींकडे येणारे बहुसंख्य लोक मांग व महार समाजातील होते. दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ, ‘बेथेल’ नावाची वसाहत वसली. हिब्रू भाषेत बेथेल म्हणजे देवाचे घर. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे, त्यांच्यासाठी ठाम उभे राहण्याचा पहिला अर्थ पायाखाली स्वतःची जमीन असणे हा होता.

१०/ १८७३ मध्ये नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेत बोलले, तेही डोक्यावरचे पागोटे न उतरविता. श्रद्धा बदलली, पेहराव राहिला. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

११/ बाळशास्त्री मात्र १८४६ मध्येच, ऐन तारुण्यात, गेले होते. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी आहे, आणि मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासात नारायण शेषाद्रींचे. त्या दोघांना एका प्रश्नासमोर उभे करणारा बारा वर्षांचा श्रीपत मात्र बहुधा तळटीपेतच भेटतो. उरस्त्राण, ढाल आणि शिरस्त्राण मोठ्यांच्या मापाचे होते; त्या झुंजीत सर्वांत उघडा तोच होता.