रबरी हातमोज्यांची जन्मकथा

दवाखान्यांत पाऊल ठेवलें कीं टेबलावर हातमोज्यांची एक कागदी पेटी दिसते. डॉक्टर तींतून एक जोड ओढून घेतात आणि तपासणी संपतांच तो उलटा करून टोपलींत टाकतात. रोग्यास वाटतें, ही दक्षता आपल्यासाठीं. डॉक्टरांस वाटतें, ती आपल्यासाठीं. दोघांचेंही खरें आहे. परंतु शस्त्रगृहांतील या प्रघाताचें मूळ एका परिचारिकेच्या सोललेल्या हातांत आहे.

१८८९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. तेथील शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड स्वच्छतेविषयीं फार कडक. लिस्टर यांनीं १८६७ सालीं कार्बोलिक आम्लाचा उपयोग प्रसिद्ध केल्यापासून जंतुनाशक पाण्यानें हात धुण्याची चाल पडत चालली होती. हॉल्स्टेड यांच्या शस्त्रगृहांत त्याकरितां पाऱ्याचा एक जहाल क्षार वापरीत. शस्त्रगृहाची मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिच्या हातांची कातडी त्यानें बिघडली, आणि ती काम सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागली. कामांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. तेव्हां हॉल्स्टेड यांनीं न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीस प्रयोगादाखल पातळ रबराचे दोन जोड करावयास सांगितले. ते उत्तम उतरले. १८९० च्या जूनमध्यें हॉल्स्टेड यांनीं तिच्याशीं विवाह केला व ती शस्त्रगृहांतून गेली. हातमोजे मात्र मागें राहिले.

पुढील गोष्ट अधिक विलक्षण आहे. हत्यारें देणारे मदतनीस हातमोजे घालूं लागले. प्रत्यक्ष चिरफाड करणारा शस्त्रवैद्य मात्र पुष्कळदां उघड्या हातांनींच काम करी. बोटांचा स्पर्श बोथट होईल ही भीति! हॉल्स्टेड यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनीं १८९६ च्या सुमारास ते नियमानें घालण्यास आरंभ केला. १८९९ सालीं त्यांनीं अंतर्गळाच्या साडेचारशेंवर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. पूर्वीं शंभरांत सुमारें १७ जखमा चिघळत. हातमोज्यांनंतर दोनही चिघळत ना. इतकीं वर्षें उपाय डोळ्यांपुढें असून तो कोणास कसा ओळखतां आला नाहीं, याचें हॉल्स्टेड यांनाही पुढें नवल वाटलें.

त्यानंतर कित्येक दशकें हातमोजे उकळून, ठिगळें लावून, भुकटी भरून पुन्हां पुन्हां वापरीत. एकदांच वापरून टाकण्याचा प्रकार १९६० नंतर बळावला. १९८० नंतर एड्सचें भय पसरलें, आणि १९८७ सालीं अमेरिकेंत प्रत्येक रोग्याचें रक्त संसर्गजन्य समजून वागावें असा दंडक झाला. मग खप अतोनात वाढला, व त्याबरोबर नवी पीडा आली. रबराच्या चिकांतील प्रथिनांनीं कित्येकांस खाज, शिंका, क्वचित् प्राणसंकटही ओढवूं लागलें. भुकटी हीं प्रथिनें हवेंत उडवी. अखेर २०१७ च्या जानेवारींत अमेरिकेनें भुकटीच्या हातमोज्यांवर बंदी घातली.

यांतच निवडीचें सूत्र आहे. नैसर्गिक रबराचा हातमोजा अंगाबरोबर बसतो, पण ज्यास तें सोसत नाहीं त्यास, मग तो रोगी असो कीं वैद्य, नायट्राइलचा बरा. हा कृत्रिम रबराचा असून तेलकट मलमासही दाद देत नाहीं. नैसर्गिक रबर अशा मलमानें सैल पडतें. व्हिनाइल स्वस्त, परंतु कमी ताणतें व लवकर फाटतें; तें किरकोळ कामापुरतें ठीक. शिवाय पेटींतले तपासणीचे हातमोजे बहुधा निर्जंतुक केलेले नसतात. शस्त्रक्रियेचे वेगळे, जोडीजोडीनें मोहोरबंद येतात.

कारखान्यांत नमुन्याच्या हातमोज्यांत एक लिटर पाणी भरून दोन मिनिटें गळती पाहतात. त्यांत थोडे गळके निघाले तरी माल पास होतो. म्हणून हातमोजे काढल्यावर हात धुणें सुटत नाहीं. वापरलेला जोड धुवून दुसऱ्या रोग्यास लावणें तर निव्वळ अविचार होय.

रबराचे वैरी तीन: ऊन, उष्णता आणि ओझोन वायु. हा वायु विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतूनही निघतो. म्हणून पेटी खिडकींत, भट्टीजवळ किंवा यंत्राशेजारीं न ठेवतां कोरड्या, थंड कपाटांत ठेवावी, व आधीं आलेली आधीं उघडावी. चढवितांनाच चिकट लागणारा किंवा बोटांच्या बेचकींत तडकणारा हातमोजा पेटीवरील तारीख न पाहतांच टाकून द्यावा.