नगरच्या सुलतानाचा हिरा आणि संगमरवरातलं माणिक

मॉस्कोत क्रेमलिनमध्ये ‘शाह’ नावाचा एक हिरा ठेवलेला आहे. वजन 88.7 कॅरट. त्यावर फारसीत तीन राजांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांतलं पहिलं आपल्या नगरच्या सुलतानाचं: दुसरा बुरहान निजामशाह, हिजरी 1000, म्हणजे 1591-92. हिऱ्यावर कोरायचं तर हिऱ्याचीच पूड लागते. एवढ्या कष्टानं नाव कोरून घेतलं आणि 1595 साली सुलतान गेला. पुढं चांदबीबीनं किल्ला लढवला, पण 1600 मध्ये तो अकबराच्या फौजेनं घेतला. हिऱ्यावरचं दुसरं नाव शाहजहानचं आहे, तिसरं इराणच्या फतह अली शाहचं. 1829 मध्ये तेहरानात रशियन वकील ग्रिबोयेदोव मारला गेला, तेव्हा झारची समजूत काढायला हा हिरा रशियाला पोचता झाला.

मधल्या काळात, 1665 साली, ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं औरंगजेबाच्या सिंहासनासमोर 80 ते 90 कॅरटचा एक हिरा टांगलेला पाहिला. तो हाच, असं बरेच जाणकार मानतात. त्याच्याभोवती माणकं आणि पाचू होते. आज आपल्याला त्या माणकांकडं वळायचंय.

आपल्याकडं विहीर खणताना गारगोट्या निघतात, स्फटिक निघतात, मग माणिक का नाही? माणिक म्हणजे मुळात कुरुंद, ज्यानं आपण धार लावतो तोच. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस्स. पण ॲल्युमिनियमची सिलिकाशी फार सलगी. सिलिका मिळाली की ते तिच्याशी जुळून फेल्डस्पारसारखी खनिजं बनवतं, कुरुंदासाठी उरतच नाही. आपल्या काळ्या कातळात निम्मी सिलिकाच आहे!

म्हणजे सिलिका नसलेलं घर हवं. ते संगमरवराचं. आपला लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. त्यानंतर दीडएक कोटी वर्षांनी भारताचा भूखंड आशियाला भिडला. टेथिस समुद्राच्या उथळ तळाशी साचलेला चुनखडक त्या रेट्यात खोल दाबला गेला, तापला, आणि त्याचा संगमरवर झाला. चुनखडकात मधूनमधून चिखलाचे पदर होते. त्यांतून ॲल्युमिनियम आलं, चिमूटभर क्रोमियमही आलं. लाल रंग त्या क्रोमियमचा. आणि संगमरवरात लोह अगदी कमी, म्हणून ब्रह्मदेशातल्या मोगोकचं माणिक निखाऱ्यासारखं फुलतं. लोह जास्त असतं तर ती झळाळी विझली असती. हिऱ्याची गोष्ट वेगळी, तो दीडशे किलोमीटरहून खोल जन्मतो. माणकाला मात्र दोन भूखंडांची टक्करच लागली.

त्याच संगमरवरात मॅग्नेशियम हाताशी असलं की माणकाऐवजी स्पिनेल तयार होतं. बदख्शानचा ‘लाल’ तो हाच. पुष्कळजण त्याला खोटं माणिक म्हणतात. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे पटत नाही. अल्बेरुनीनं अकराव्या शतकातच लाल आणि याकूत वेगळे मांडले होते. मुघलांनी आपली नावं कोरली ती बरीचशी या लालांवरच. जहांगीर, शाहजहान यांची नावं असलेला असाच एक मोठा खडा ईस्ट इंडिया कंपनीनं 1851 मध्ये राणी व्हिक्टोरियाला दिला. त्याला आजही ‘तैमूर रुबी’ म्हणतात. आहे तो लाल.