मागणी-व्यवस्थापन (माहिती तंत्रज्ञान प्रकल्प)

संगणक प्रणाली नेमकी कोणाला आणि कशासाठी हवी हे आधी ठरवणे, आलेल्या मागण्यांचा क्रम लावणे, झेपतील तेवढ्याच हाती घेणे आणि मधूनच निघालेल्या बदलांचा खर्च मोजून मगच त्यांना होकार देणे, या कामाला मागणी-व्यवस्थापन म्हणतात. बडनेऱ्याच्या राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांत ते सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या तासाला शिकवले जाते. बडनेरा परिसरातल्या कापूस-सोयाबीनवाल्यांना मात्र ते कळले कर्जमाफीच्या दोन योजनांतून.

जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होणार होती. अर्ज ऑनलाइन, तोही पती, पत्नी आणि अज्ञान मुले अशा कुटुंबाचा. बँकांनी ६६ रकान्यांत वेगळी माहिती द्यायची आणि दोन्हींचा मेळ यंत्राने घालायचा. माफी, एकरकमी परतफेड, नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहन, सगळे एकाच वेळी. सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर बसला, दिवाळीत प्रमाणपत्रे वाटल्यावरही याद्यांतला घोळ निस्तरेना. पुढे कुटुंबाची अटही शिथिल झाली. म्हणजे पायाच बदलला, आणि तो इमारत उभी राहिल्यावर. ६६ रकाने कार्यालयाला हवे होते. शेतकऱ्याला हवे होते ते सोसायटीच्या खात्यावर शून्य बाकी आणि पुढच्या खरिपाला नवे पीककर्ज. प्रणाली सचोटीने बांधली तरी चुकीच्या मागणीवर बांधली की असेच होते.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने हीच मागणी उलट बाजूने वाचली. अर्जच नाही. बँकेने आधार जोडलेली खाती द्यायची, गावात यादी लागायची, प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर जायचे, पडद्यावर रक्कम पाहायची, पटली तर अंगठा टेकवायचा, नाही पटली तर तिथेच तक्रार. २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादी निवडक गावांपुरतीच होती. चुका तिथेच पकडायच्या, हा त्यामागचा हिशेब.

हाताळणी सोपी झाली ती मागण्या कमी घेतल्यामुळेही. दोन लाखांवरचे थकबाकीदार बाहेर राहिले. नियमित फेडणाऱ्यांची मागणी रांगेत मागे टाकली गेली. त्यांच्या ५० हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनाचा शासन निर्णय निघायला जुलै २०२२ उजाडला.