दोर, वीज आणि रोटर

विजेवर फिरणाऱ्या रोटरांनी माणसाला उचलून नेणारे यान ही एकविसाव्या शतकाची निर्मिती होय, असा समज रूढ आहे. वस्तुतः या कल्पनेचा पहिला गंभीर प्रयोग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात झाला, आणि विद्युत्-चलित रोटराच्या सुरक्षेचा जो प्रश्न आजच्या अभियंत्यांसमोर आहे, तो त्याच प्रयोगात प्रथम उघड झाला.

त्या काळी शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी दोराने बांधलेले निरीक्षण-फुगे वापरीत. त्यांत हायड्रोजन भरलेला असे. शत्रूच्या विमानाची एक दाहक गोळी लागली की फुगा पेट घेई. त्याच्या जागी बांधलेले हेलिकॉप्टर वापरावे, ही कल्पना स्टेफान पेत्रोत्सी या अधिकाऱ्याने मांडली. पुढे वायुगतिशास्त्रातील आचार्य म्हणून विख्यात झालेले थिओडोर फॉन कार्मान आणि विल्हेल्म झुरोवेत्स यांनी ती आकारास आणली. या तिघांच्या आद्याक्षरांवरून यंत्रास पीकेझेड हे नाव पडले.

पहिल्या यंत्रात चार रोटर होते व त्यांना ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीची सुमारे 190 अश्वशक्तीची विद्युत्-मोटर फिरवीत असे. मोटरीचे वजन 195 किलोग्रॅम, म्हणजे साधारणतः एका अश्वशक्तीस एक किलोग्रॅम. त्या काळच्या मानाने ही कामगिरी असामान्यच म्हटली पाहिजे. वीज जमिनीवरील जनित्राकडून तारेने वर जाई. मार्च 1918 मध्ये या यंत्राने चार बांधीव उड्डाणे केली. चौथ्या उड्डाणात मोटर जळाली, आणि प्रयोग तेथेच थांबला.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कारखान्यात मोटर अतितप्त होऊ लागली की संरक्षक यंत्रणा तिचा प्रवाह तोडते. मोटर वाचते, फार तर काम खोळंबते. जमिनीवरील बहुतेक विद्युत्-संरक्षणाचा पाया हाच आहे : संशय आला की प्रवाह तोडा. परंतु हीच यंत्रणा आकाशात नेली, तर मोटर वाचविण्यासाठी ती माणसाला खाली पाडील. जळत असलेली मोटर आणखी वीस सेकंद चालली, तर यान उतरू शकते. नियमानुसार तत्क्षणी बंद झाली, तर उतरण्यास अवसरच उरत नाही. जमिनीवर प्रवाहाचा अभाव ही बहुधा सुरक्षित अवस्था असते, हवेत तीच सर्वांत धोक्याची असते. पीकेझेडची मोटर संरक्षक यंत्रणेने तोडली काय किंवा स्वतः जळाली काय, यंत्रावरील माणसाच्या दृष्टीने परिणाम एकच.

झुरोवेत्सने रचलेल्या दुसऱ्या यंत्रात विजेचा त्याग करण्यात आला. त्यात ल रोन जातीची तीन पेट्रोल-इंजिने व उलटसुलट फिरणारे दोन मोठे रोटर होते. तीन पोलादी दोर त्यास जमिनीशी बांधीत. हे दोर केवळ यंत्र पळून जाऊ नये म्हणून नव्हते. रोटरांचा उचल-जोर यंत्राच्या वजनाहून अधिक असेपर्यंत दोर ताठ राहत, आणि त्या ताणातूनच यंत्रास स्थैर्य लाभे. म्हणजे नियंत्रणाचे काम दोरच करीत होते. यंत्र पन्नास मीटरपर्यंत चढले. मात्र 10 जून 1918 च्या प्रात्यक्षिकात इंजिनांची शक्ती घटली, दोर सैल पडले, यंत्र डोलू लागले आणि कोसळले. इंधन बदलले तरी शक्ती घटल्यावर काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला होता.

त्याचे पहिले समाधानकारक उत्तर 1923 मध्ये स्पेनमध्ये ह्वान दे ला सिएर्व्हा यांच्या ऑटोजायरोने दिले. मोठा रोटर खालून येणाऱ्या हवेने आपोआप फिरत राहतो व यान हळू उतरते. पुढे हेलिकॉप्टरांनी हा गुण उचलला : इंजिन थांबले तर क्लच रोटरास मोकळा करते, चालक पात्यांचा कोन कमी करतो आणि साठलेल्या गतीवर उतरतो. विजेच्या अनेक लहान रोटरांस हा आधार नसतो. त्यांची पाती हलकी व बहुधा स्थिर कोनाची असतात. शक्ती जाताच ती मंदावतात.

2011 साली हा इतिहास पुन्हा सुरू झाला. 12 ऑगस्ट रोजी फ्रान्समधील वेनेल येथे पास्काल क्रेत्यें यांनी दोन मिनिटे दहा सेकंद विद्युत्-हेलिकॉप्टर उडविले. 21 ऑक्टोबर रोजी जर्मनीत टोमास झेंकेल यांनी सोळा रोटरांचे यान चालविले. दुसऱ्या यानामागील विचार स्पष्ट होता : एक रोटर गेला, तर उरलेल्यांनी भार वाहावा, आणि त्यांच्या वेगांचे फेरवाटप संगणकाने करावे. दोरांचे स्थैर्यदायी काम आता संवेदक व संगणक करू लागले.

पण संख्येने सर्व संकटे टळत नाहीत. सर्व मोटरी एकाच बॅटरीवर असतील, तर सोळा रोटर एकाच दोषाने थांबतील. म्हणून बॅटऱ्याही विभागाव्या लागतात. शिवाय आजच्या मोटरींत कायम चुंबक असतात. अशा मोटरीचे वेटोळे आतून जोडले गेले, तर पुरवठा तोडूनही भागत नाही : वाऱ्याने रोटर फिरत राहतो, चुंबक प्रवाह निर्माण करतात आणि वेटोळे तापतच जाते. बंद केलेली मोटर बंद होत नाही, हा अनुभव जमिनीवरील विद्युत्-अभियंत्यास चमत्कारिक वाटेल.

युरोपीय विमान-सुरक्षा संस्थेने 2019 मध्ये अशा यानांसाठी विशेष अटी प्रसिद्ध केल्या. दाट वस्तीवरून प्रवासी नेणाऱ्या यानाने गंभीर बिघाडानंतरही उड्डाण चालू ठेवून सुरक्षित स्थळी उतरावे, कोणत्याही एका बिघाडाने सर्वनाश होऊ नये, आणि तशा सर्वनाशाची शक्यता उड्डाणाच्या दर तासास अब्जात एकाहून अधिक नसावी, अशी त्यांची मागणी आहे. ‘मोटर वाचली काय’ हा प्रश्न येथे गौण ठरतो. यान उतरले काय, एवढेच विचारले जाते.

दरम्यान पेत्रोत्सीची मूळ कल्पनाही परतली आहे. जमिनीवरून तारेने वीज घेणारी, दीर्घकाळ एका जागी तरंगणारी निर्मनुष्य निरीक्षण-याने आता वापरात आहेत. तारेतील प्रवाह खंडित झाला, तर खाली उतरण्यापुरती एक लहान बॅटरी त्यांपैकी अनेकांत बसविलेली असते. 1918 च्या यंत्रात ती नव्हती.