पाठपोट पाट्या व त्यांचा सांधा

जुन्या कागदांचा व्यासंग करणारांस पाठपोट लिहिलेल्या बंदाचें महत्त्व सांगावयास नको. पोटावरील मजकुराइतकाच पाठीवरील शेरा किंवा शिक्का बोलका असतो. एक अंग दुसऱ्यापासून तोडलें कीं दोहोंचा पुरावा लंगडा होतो. रस्त्यावर टांगल्या जाणाऱ्या पाठपोट पाट्यांसही हाच न्याय लागू आहे. तो एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखवावा व अशा पाट्या हल्लीं कशा घडवितात तेंही सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं इ. स. १५१६ मध्यें ओस्वाल्ड मिकोनियस या पंतोजीसाठीं अँब्रोसियस व हान्स होल्बाइन या चित्रकार बंधूंनीं एक पाटी रंगविली. एरॅस्मसच्या ‘मूढस्तुति’ ग्रंथाच्या १५१५ सालच्या ज्या प्रतीच्या समासांत या बंधूंनीं चित्रें काढलीं, ती प्रत याच पंतोजीची. पाटीची रुंदी सुमारें ६५ सेंटिमीटर व उंची सुमारें ५५ सेंटिमीटर. तींतील मजकुराचा मथितार्थ असा: जर्मन लिहिणें-वाचणें थोडक्या काळांत शिकवूं, नागरिक, कारागीर, स्त्रिया, मुली कोणींही यावें, शिकतां न आल्यास वेतन घेणार नाहीं. मजकुराखालीं एका अंगास प्रौढ विद्यार्थी, तर दुसऱ्या अंगास मुलें शिकत असल्याचें चित्र आहे.

ही पाटी मूळ एकच होती. पुढें ती जाडींतून चिरून तिच्या दोन फळ्या करण्यांत आल्या. दोन्ही फळ्या बाझलच्या कलासंग्रहालयांत एकत्र राहिल्या हें सुदैव होय. त्यांपैकीं एकच हातीं येती, तर चित्रावरून कोणी ही प्रौढांची शाळा ठरविली असती व कोणी निव्वळ बालकांची. दोन्ही अंगें जुळवून पाहिलीं म्हणजेच एका छताखालीं दोन्ही वर्गांची सोय होती हें स्पष्ट दिसतें. तथापि करवतीनें जें नेलें तें गेलेंच. पाटीची मूळ जाडी व अखंड कडा आतां मोजावयास उरली नाही.

अशा पाट्या थोड्याच कां टिकल्या, याचीं कारणें दोन. पहिलें राजाज्ञेचें. लंडन व पॅरिस येथें भिंतीपासून पुढें आलेल्या अवजड पाट्यांचा उपद्रव होऊं लागला. लंडनच्या ब्राइड लेनमध्यें इ. स. १७१८ सालीं एक पाटी भिंतीचा भाग घेऊन कोसळली व चार माणसें दगावलीं. पॅरिसमध्यें १७६१ सालीं पाट्या भिंतीस सपाट लावण्याचा हुकूम निघाला. लंडनमध्येंही १७६२ पासून त्याच दिशेनें कायदे झाले. भिंतीस टेकलेल्या पाटीचें एक अंग अर्थातच निरुपयोगी झालें.

दुसरें कारण लांकडाच्या स्वभावाचें. लांकूड रेषांच्या दिशेनें फारसें हालत नाहीं, परंतु आडवें फुगतें व आकसतें. टांगत्या पाटीचें एक अंग उन्हांत व दुसरें सावलींत, त्यामुळें दोहोंतील ओल निराळी. मग फळी वांकते, सांधा उकलतो, आणि जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस पावसाळी हवेंत मऊ पडतो.

ही अडचण विसाव्या शतकांत निराळ्या द्रव्यानें दूर केली. ऑटो बायर याच्या प्रयोगशाळेंत १९३७ सालीं पॉलियुरेथेनचा शोध लागला. त्याच जातीच्या घट्ट फोमचे तक्ते आज पाट्यांच्या धंद्यांत वापरतात. या फोमचीं सूक्ष्म छिद्रें बंद असल्यामुळें तो पाणी शोषीत नाहीं व लांकडाप्रमाणें फुगत नाहीं. पाठपोट पाटी करतांना समान जाडीचे दोन तक्ते पाठीस पाठ लावून चिकटवितात. येथें पाण्याचा किंवा उडून जाणाऱ्या द्रावकाचा सरस चालत नाहीं, कारण दोन बंद तक्त्यांमधून वाफ बाहेर पडावयास वाट नसते. म्हणून दोन द्रव्यें मिसळून घट्ट होणारें एपॉक्सी, किंवा दमटपणानें घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा चिकटा वापरतात. दुसऱ्या प्रकारांत पृष्ठावर पाण्याचा हलका शिडकावा करावा लागतो. फोममध्यें स्क्रू पक्का बसत नाहीं. यास्तव आंतील पृष्ठांवर खांचण पाडून तींत धातूची चौकट बसवितात व टांगण्याचा भार तिच्यावर देतात. सर्वत्र सारखें वजन ठेवून सांधा आळूं देतात. नंतर कडा भरून, घांसून सर्व अंगांस रंग देतात. कारण उघडा फोम उन्हानें पिवळा पडून झिजतो.

बाझल येथें एकाच्या दोन झाल्या. येथें दोहोंची एक होते. दोन्ही ठिकाणीं पाटीचें आयुष्य सांध्यावर अवलंबून आहे. संग्राहकांनीं यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पाठपोट वस्तु, मग ती पाटी असो वा पत्र, दोन भिंतींवर मांडण्याच्या किंवा दोन गिऱ्हाइकांस विकण्याच्या मोहानें कधींही चिरूं नये. दोन्ही बाजूंनीं पाहतां येईल अशी कांचेची चौकट करावी. आणि अस्सल पाटी आंत जतन करून बाहेर तिची फोमची प्रतिकृति लावावयाची झाल्यास, तिच्या कडेवर केल्याचें साल व ‘प्रतिकृति’ हा शब्द ठळक कोरावा. चांगला सांधा पुष्कळ वर्षें टिकतो. पन्नास वर्षांनीं ती पाटी अडगळींतून निघेल, तेव्हां पुढील संशोधकास अस्सल व नक्कल ओळखण्याचें साधन त्या कडेवरील दोन शब्दांखेरीज कदाचित् दुसरें नसेल.