देवाघरचा हुंडा

सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज नगरसभेचा एका मठावर फार राग होता, आणि रागाचं मूळ पैशात होतं. श्रीमंत घरच्या मुली, नवऱ्यामागे इस्टेट हाती आलेल्या विधवा, आपला वाटा घेऊन त्या मठात जात. दार बंद होई. पुढे तो पैसा बाजारात यायचा नाही, आणि लग्नाला उभे असलेले पोर्तुगीज शिपाई नि अंमलदार हात चोळत बसायचे. नगरसभेने राजाकडे तक्रारी धाडल्या. मठ जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचा, सांता मोनिकाचा. तक्रार करणारं शहर पुढे ओस पडलं, तरी मठातल्या बायका तिथेच होत्या.

आम्हा सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. पुणे रस्त्याने चिंचोळी एमआयडीसी ओलांडून शहरात आलं की मधोमध जो भुईकोट किल्ला उभा आहे, तो एकदा लग्नात आंदण गेला होता. तालिकोटच्या लढाईआधी अहमदनगरच्या चांदबिबीचं विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं, तेव्हाची ही देवघेव. गोवाही पूर्वी आदिलशहाचाच. १५१० मध्ये अल्बुकर्कने तो घेतला. मुलीबरोबर काय जातं आणि कोणाकडे जातं याचा हिशोब सुलतान, व्हाइसरॉय, नगरशेठ सगळेच ठेवत. सांता मोनिकात तो हिशोब चुकत होता, कारण इथे सासर देवाचं होतं.

मठ काढला तो आर्चबिशप दों आलेशु द मेनेझिस यांनी. ते १५९५ मध्ये गोव्याला आले. केरळमधल्या सिरियन ख्रिश्चनांना रोमच्या शिस्तीत आणणारी १५९९ ची उदयंपेरूरची सभा यांचीच. केरळात आजही त्यांचं नाव प्रेमाने घेतलं जात नाही. गोव्यात मात्र त्यांनी एक अडचण नेमकी ओळखली. राजा पोर्तुगालहून अनाथ मुलींना जहाजात घालून लग्नासाठी पाठवायचा, शिपाई लढायांत आणि रोगराईत मरायचे, मागे राहिलेल्या बायकांना थारा नसायचा. मेनेझिस यांनी आधी दोन आश्रयगृहं काढली. सेर्राच्या मातेच्या नावाचं एक, कुलीन अनाथ मुलींसाठी आणि घरंदाज बायकांसाठी. माग्दालेनाच्या नावाचं दुसरं, समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी. एकीला दुसरीच्या शेजारी बसवायचं नाही, ही काळजी दानधर्मातही घेतलेली दिसते.

सेर्राच्या घरातूनच १६०६ मध्ये सांता मोनिकाची पहिली तुकडी निघाली. पहिल्या मठप्रमुख फिलिपा द त्रिंदाद या विधवा होत्या, आणि त्यांची मुलगीही त्यांच्याबरोबर मठात आली. मेनेझिस स्वतः ऑगस्टिनियन पंथाचे, म्हणून मठाला ऑगस्टिनच्या आईचं, मोनिकाचं नाव. बांधकाम १६२७ पर्यंत चाललं. जांभ्या दगडाची तीन मजली इमारत, आत चौक, आणि बाहेरून भिंतींना दिलेले प्रचंड टेकू. ते टेकू पाहिले की हा मठ आहे की गढी, असा प्रश्न पडतो. पूर्वेकडचा हा पहिला स्त्री-मठ. मनिलाला क्लारा पंथाच्या भगिनी पोचल्या त्या १६२१ मध्ये.

दार इतकं घट्ट का बंद? ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवलं की संन्यासिनींनी मठाच्या भिंतीआडच राहायचं, आणि १५६६ मध्ये पाचव्या पायस पोपनी तो नियम आणखी आवळला. शिकवायला, आजाऱ्यांची सेवा करायला बाहेर पडणाऱ्या सिस्टर आपण आज पाहतो, त्यांना चर्चच्या कायद्यात तेव्हा जागाच नव्हती. सांता मोनिकातल्या बायका चर्चमधली मिस्साही जाळीमागून ऐकत. नियम पुरुषांनी केले, हे उघड आहे. पण एक गोष्ट मला विसरता येत नाही: बाहेरच्या गोव्यात तेरा-चौदाव्या वर्षी नवऱ्याच्या हाती जाणाऱ्या मुलीपेक्षा या बायकांना लिहिणं-वाचणं, हिशोब आणि आपला प्रमुख निवडणं जास्त जमत होतं. हुंडा दोन्हीकडे द्यावाच लागे, पण मठात तो बायकांच्या घराकडे राहायचा.

त्या घरातही उतरंड होतीच. काळ्या पडद्याच्या भगिनी गायनगृहात बसत, त्या बहुतेक पोर्तुगीज वंशाच्या. पांढऱ्या पडद्याच्या भगिनींकडे कष्टाची कामं. त्यांच्याही खाली नोकर आणि गुलाम बायका. स्थानिक ख्रिश्चन मुलीला काळ्या पडद्यापर्यंत पोचणं अवघड होतं. मठाचा इतिहास सांगणारे धार्मिक ग्रंथ भगिनींचे उपास आणि दर्शनं पानंच्या पानं वर्णन करतात. गुलाम बायकांची नावं शोधायला मात्र फार चिकाटी लागते.

१६३६ हे साल मठाला विसरता येणार नाही असं. त्या वर्षी आगीने इमारत जवळपास संपवली. पुढच्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली. १६३६ चीच दुसरी आठवण म्हणजे क्रुसाचा चमत्कार: मठातल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि काट्यांच्या मुकुटाखालून रक्त वाहिलं, असं भगिनींनी सांगितलं. त्या क्रुसाची भक्ती आजही टिकून आहे. मठाविरुद्ध वाद चालू होते, मठाच्या बाजूने ऑगस्टिनियन फादर दियोगु द सांता आना लेखणी झिजवत होते, आणि अशा वेळी झालेला चमत्कार मठाच्या फार उपयोगी पडला. श्रद्धा खरी नव्हती असं मी म्हणत नाही. नगरसभेकडे मात्र असा साक्षीदार नव्हता. पुढे मठाला राजाश्रय मिळाला आणि नावामागे ‘राजमठ’ ही पदवी लागली.

गोव्यातल्या लोकांना मात्र हा मठ वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. बिबिंक म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, नारळाचा रस आणि साखर यांचा थरावर थर भाजून केलेला पदार्थ. तो या मठातल्या बिबियाना नावाच्या भगिनीने पहिल्यांदा केला, असं सांगतात. सात थर लिस्बनच्या सात टेकड्यांचे. ही दंतकथा आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही हीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली.

मराठ्यांचा आणि या मठाचा संबंध १७३९ मध्ये आला. मराठी फौज साष्टीत आणि बारदेशात शिरली, वसईचा वेढा चालू होता, आणि जुन्या गोव्यातल्या भगिनींना मुरगावच्या किल्ल्यात हलवावं लागलं. ज्यांनी आयुष्यभर उंबरा ओलांडायचा नाही असं व्रत घेतलं होतं, त्यांना चिमाजीअप्पाच्या मोहिमेच्या वर्षात सामानासकट बाहेर पडावं लागलं. धोका टळल्यावर त्या परत आल्या. तोवर शहराला रोगराईने ग्रासलं होतं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजी गाठली, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

शेवटचा घाव शत्रूने घातला नाही. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले आणि १८३४ मध्ये त्यांनी पुरुषांचे धर्मपंथ बरखास्त केले. शेजारच्या ऑगस्टिनियन मठातले फादर गेले. १८४२ मध्ये त्या रिकाम्या चर्चचं छत कोसळलं. भगिनींना हाकललं नाही, फक्त नवीन मुलगी घ्यायची नाही असं बजावलं. शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली.

नेमक्या याच मधल्या काळात भारतात वेगळ्या भगिनी येत होत्या. लियोंमध्ये १८१८ साली क्लॉडिन तेवने यांनी स्थापन केलेला जीझस अँड मेरी संघ १८४२ मध्ये आग्र्याला आणि १८६० मध्ये पुण्याला पोचला. १८७७ मध्ये उटीला फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी हा संघ भारताच्याच भूमीवर जन्मला. त्यांना वर्गखोल्या आणि दवाखाने हवे होते. १९०० मध्ये तेराव्या लिओ पोपनी अशा संघांना चर्चच्या कायद्यात पक्की मान्यता दिली. आपल्या सोलापूरसकट महाराष्ट्राच्या शहरांत शाळा चालवणाऱ्या सिस्टर त्या रांगेतल्या आहेत, सांता मोनिकाच्या नव्हेत.

रिकामी इमारत काही काळ सैनिकांच्या ताब्यात होती. मग १९६४ मध्ये तिथे मातेर देई संस्था सुरू झाली. धर्मशास्त्र शिकणं हे तोवर सेमिनरीतल्या मुलांचं काम मानलं जायचं. इथे ते भारतभरच्या निरनिराळ्या संघांतल्या सिस्टर शिकू लागल्या. २००२ मध्ये राशोल सेमिनरीतलं ख्रिस्ती कला संग्रहालय मठाच्या चर्चमध्ये आलं, आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. भारतीय कारागिरांनी घडवलेल्या हस्तिदंती मूर्ती, चांदीची उपकरणं, भरजरी वस्त्रं तिथे तिकीट काढून पाहता येतात. अभ्यास संपला की सिस्टर आपापल्या संघांच्या शाळांत, दवाखान्यांत, वसतिगृहांत परततात, आणि त्यांच्या जागी पुढची तुकडी येते.